ओले सरपण

बारामती आणि इंदापूर हे पर्जन्यछायेतले तालुके. तेथे पावसामुळे चूल पेटेना, असे सांगितले तर आपल्याला नवल वाटेल. वारीच्या वाटेवर एका संध्याकाळी मी ते अनुभवले.

तुकोबारायांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवडी, निमगाव केतकी असे टप्पे घेत इंदापूरला पोचते. दिंड्यांतून गॅसच्या शेगड्या फारशा दिसत नसत, तेव्हाची ही गोष्ट. दिंडीतल्या सामानाची जबाबदारी माझ्याकडे होती. बारामतीत ट्रक भरताना एका वृद्ध मावशींचे गाठोडे मी उघडून पाहिले. आत गोवऱ्यांचे तुकडे, तुराट्या आणि नारळाच्या शेंड्या होत्या. ही अडगळ कशाला, असे म्हणून मी ते परस्पर तेथेच टाकले.

बेलवडीचे रिंगण झाले आणि पावसाने आम्हांला गाठले. मुक्कामी पोचलो तेव्हा ताडपत्रीखालचे सरपण चिंब झाले होते. मी त्यावर रॉकेल ओतले. भडका उठला, रॉकेल जळून गेले आणि लाकडे काळी होऊन तशीच राहिली. तीन वेळा हेच घडले. राहुटीत एक म्हातारे वारकरी थंडीने कुडकुडत होते. गरम पाणी तरी द्या, असे कोणीतरी म्हणाले.

मावशींनी आपले गाठोडे मागितले. आता सांगणे भागच होते. मी सांगितले. त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “गेलं ते गेलं, माउली. कुऱ्हाड आण. लाकूड वरनं भिजलंय, आतनं न्हाई.”

बाभळीचा ओंडका फोडला. गाभा कोरडा निघाला. त्याच्या बारीक ढलप्या त्यांनी चिखलावर न ठेवता दगडावर रचल्या, पदराचा आडोसा धरला आणि फुंकणीने हळूहळू जाळ जागवला. उरलेली लाकडे चुलीभोवती शेकत ठेवली.

पुढे अभ्यासात यामागचे कारण उमगले. लाकडातले पाणी उकळून जाईपर्यंत त्याचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसे वर जात नाही आणि लाकूड पेटायला सुमारे ३०० अंश लागतात. १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५४० कॅलरी उष्णता खर्च होते. माझे रॉकेल वरच्या वर जळत होते. ओलाव्याशी झुंजायला त्याला वेळच मिळत नव्हता. मावशींनी तो वेळ जाळाला मिळवून दिला.

पहिले गरम पाणी त्या म्हाताऱ्या वारकऱ्यांना मिळाले. भाकरी व्हायला मध्यरात्र झाली. मावशींनी मला एका शब्दानेही दुखावले नाही; तेच अधिक लागले.

सकाळी दिंडी इंदापूरकडे निघाली. उरलेल्या कोरड्या ढलप्या मी उपरण्यात बांधल्या. ते गाठोडे मात्र ट्रकमध्ये ठेवले नाही; खांद्यावर घेऊन चाललो.