न दिसणारा खर्च

संसारात खर्च दोन प्रकारचा असतो : एक दिसणारा आणि दुसरा न दिसणारा. तांदळाचा डबा तळाला लागला की गृहिणीच्या हाताला कळते. गॅसचा सिलिंडर हलवून पाहता येतो. वीज दिसत नसली तरी दाराबाहेरचा मीटर तिची साक्ष देतो. मोबाईलवरून घरात येणाऱ्या इंटरनेटला मात्र ना वजन, ना रंग, ना आवाज. ते संपले एवढेच कळते. कसे संपले आणि कोणी संपविले हे कळत नाही. आणि जेथे वस्तू कशी संपली हे कळत नाही, तेथे माणसाकडे बोट दाखविण्याचा मोह मोठा असतो. त्या मोहाविषयी चार शब्द लिहावेत, असे आमच्या मनात आहे.

आमची वस्ती वरसाव्याची. अहमदाबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आणि ठाण्याहून येणारा घोडबंदर मार्ग येथे एकमेकांस मिळतात. पाठीशी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि समोर वसईची खाडी. खाडीवर २०२३ साली नवा पूल झाला, तरी कंटेनरांची रांग रात्रंदिवस चालूच असते. एवढ्या मोठ्या नाक्याजवळ राहूनही आमच्या आळीत इंटरनेटची तार अद्याप पोहोचलेली नाही. घरच्या लॅपटॉपला जे काही मिळते ते धाकट्या चिरंजीवाच्या मोबाईलमधील हॉटस्पॉटवरून. दिवसाला दीड जीबी हा आमचा शिधा. तो संपला की वेग इतका मंदावतो की पडद्यावरचे चित्र हलेनासे होते. नवा शिधा मध्यरात्रीनंतर.

२०१६ पूर्वी एक जीबी डेटासाठी सुमारे अडीचशे रुपये मोजावे लागत आणि तो महिनाभर पुरवून वापरावा लागे. त्या वर्षीच्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाली, कंपन्यांत चढाओढ लागली आणि जे महिन्याचे होते ते दिवसाचे झाले. सुबत्ता आली की मोजण्याची सवय सुटते, हा जुनाच अनुभव.

आमच्या घरी ह्या शिध्याचा पहिला मान मातोश्रींचा. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि चर्चची दारे बंद झाली. ती महाराष्ट्रात १६ नोव्हेंबर २०२० रोजी पुन्हा उघडली, पण तोवर मातोश्रींचे गुडघे थकले होते. तेव्हापासून पवित्र कम्युनिअन त्यांना घरी आणून देण्यात येते आणि रविवारची साडेसातची मिस्सा त्या लॅपटॉपच्या पडद्यावर पाहतात. डोक्यावर पदर, हातात जागरमाळ आणि पडद्याशेजारी पेटविलेली मेणबत्ती. जणू त्या चर्चच्या पहिल्या बाकावरच बसल्या आहेत.

गेल्या प्रायश्चित्तकाळात एका रविवारी शुभवर्तमान वाचून झाले, प्रवचन सुरू झाले आणि धर्मगुरूंचा उचललेला हात हवेतच थांबला. डेटा संपला होता! पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मातोश्री काही बोलल्या नाहीत. मेणबत्ती विझवून त्यांनी माळ सुरू केली. आमच्या थोरल्या भगिनी त्या दिवसांत आमच्याकडे राहावयास आल्या होत्या. त्यांना मात्र राहवले नाही.

“रात्र रात्र जागून सिनेमे पाहतो, दुसरे काय! आजीच्या मिस्सेचीसुद्धा लाज नाही.”

“आत्या, मी नाही पाहिले,” एवढेच चिरंजीव म्हणाला. नंतर तो दोन दिवस आमच्यात जेवावयास बसला नाही. मोबाईल त्याचा, वय एकोणीस वर्षांचे आणि खोलीचा दिवा उशिरापर्यंत जळतो. एवढा पुरावा घरच्या न्यायालयाला पुरेसा वाटतो. तिसऱ्या दिवशी त्याने आपला मोबाईल आमच्यापुढे ठेवला आणि म्हणाला, “बाबा, मोजून पाहू या.”

मोजणे म्हटले की आम्हांला संत इग्नेशियस लोयोला आठवतात. १५४८ साली पोपमहोदयांची मान्यता लाभलेल्या त्यांच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात एका विशिष्ट दोषाचे दैनंदिन परीक्षण कसे करावे ते सांगितले आहे. दिवसातून दोनदा तासातासाचा आढावा घ्यावा, जितक्या वेळा दोष घडला तितके ठिपके रेघेवर मांडावेत, आणि सकाळची रेघ संध्याकाळच्या रेघेशी, आजची कालच्या रेघेशी ताडून पाहावी. मन अस्वस्थ आहे म्हणून नुसते हळहळत न बसता वही घेऊन बसावे, ही त्यांची शिकवण. आम्हीही एक वही घेतली.

प्रथम मोबाईलची तपासणी केली. कोणत्या कामासाठी किती डेटा गेला, ह्याची यादी मोबाईल स्वतःच ठेवतो. चिरंजीवाचा स्वतःचा वापर दिवसाला दोनशे एमबीही नव्हता. उरलेले सारे ‘हॉटस्पॉट’ ह्या एकाच नावापुढे मांडलेले. म्हणजे डेटा लॅपटॉपकडे गेला, इतके ठरले. परंतु तेथे कशासाठी गेला, हे मोबाईलला ठाऊक नसते. “मग लॅपटॉपवर पाहत असेल,” भगिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही सर्वांदेखत लॅपटॉप सुरू केला. एकही पान उघडले नाही, एकही गाणे लावले नाही. सव्वासातला मोबाईलवरचा आकडा अडीचशे एमबीने वाढला होता; साडेसातला पाचशेच्या पुढे गेला. कोणी काहीही पाहत नसताना तासाला एक जीबी! रविवारी मातोश्रींच्या सकाळच्या प्रार्थनेसाठी लॅपटॉप साडेसहालाच सुरू होत असे. मिस्सेचे चित्र मध्यम प्रतीचे ठेवले तर तासाला अर्धा ते पाऊण जीबी घेते. प्रवचनाच्या सुमारास दीड जीबी का संपत होता, ते वहीतल्या बेरजेवरूनच उमगले.

आता खाणारा कोण, हे शोधावयाचे होते. विंडोज प्रणालीत ‘रिसोर्स मॉनिटर’ नावाची एक सोय असते. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामपुढे दोन आकडे येतात : दर सेकंदाला किती पाठविले आणि किती स्वीकारले. आमच्या नाक्यावर उभे राहून गुजरातकडे जाणारी वाहने वेगळी आणि तिकडून येणारी वेगळी मोजावीत, तसाच हा प्रकार. आम्ही पाहिले तेव्हा येणारा रकाना जवळजवळ कोरडा होता आणि जाणारा भरभरून वाहत होता. सिनेमा पाहणाऱ्याच्या घरी डेटा येतो, घरातून जात नाही. त्या एका आकड्याने चिरंजीव निर्दोष ठरला. भगिनी चष्मा पुसून पुन्हा पुन्हा तो आकडा पाहत होत्या.

जाणारा माल कोणाचा होता? आपल्या फायलींची एक प्रत दूरच्या साठवणघरात ठेवणारा एक प्रोग्राम लॅपटॉपवर आहे. ठरावीक फोल्डरमध्ये जे ठेवावे ते तो आपोआप पाठवू लागतो. आमच्या भाचीचे लग्न जानेवारीत झाले. त्याची चित्रफीत व छायाचित्रे, मिळून अठरा जीबी, पंधरवड्यापूर्वी पेनड्राइव्हवरून त्याच फोल्डरमध्ये उतरविली होती. मातोश्रींना नातीचे लग्न सावकाश पाहता यावे, ही भगिनींचीच इच्छा. लॅपटॉप रोज उघडला की ते अठरा जीबी थोडेथोडे वर जात. पाठविलेला डेटाही स्वीकारलेल्या डेटाइतकाच शिध्यातून वजा होतो, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

आणखी एक गोष्ट वाचकांनी जाणून घ्यावी. लॅपटॉपमध्येच सिमकार्ड असेल तर विंडोज ते जाळे ‘मीटर्ड’, म्हणजे मोजून वापरावयाचे, असे आपणहून समजते. वाय-फायला मात्र ती मुळात अमर्याद धरते, आणि मोबाईलचा हॉटस्पॉट लॅपटॉपला वाय-फाय म्हणूनच दिसतो. त्यामुळे प्रणालीच्या सुधारणाही पडद्यामागे निःशंक उतरत राहतात. २०१५ साली तर ज्यांनी मागितली नव्हती अशाही संगणकांवर विंडोज १० ची साडेतीन ते सहा जीबीची सामग्री उतरल्याचा बोभाटा जगभर झाला होता आणि कंपनीने ते मान्यही केले होते. उपाय सोपा आहे. हॉटस्पॉटला जोडल्यावर त्या जोडणीच्या गुणधर्मांत जाऊन ‘मीटर्ड कनेक्शन’ ही कळ चालू करावी. बहुतेक सुधारणा मग थांबतात. प्रत ठेवणारा प्रोग्राम थांबवून ठेवावा. सुधारणा टाळू नयेत, मात्र जेथे तारेचे इंटरनेट आहे तेथे लॅपटॉप नेऊन महिन्यातून एकदा त्या उतरवून घ्याव्यात. आम्ही तसे केले. पुढच्या रविवारी मिस्सा शेवटच्या आशीर्वादापर्यंत न अडखळता झाली, आणि दुपारी पाहिले तो निम्म्याहून अधिक शिधा शिल्लक होता.

यंत्राचे कोडे सुटले. माणसाचे त्याहून अवघड. १९९२ साली प्रसृत झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात आठव्या आज्ञेच्या विवेचनात खोट्या साक्षीबरोबरच घाईच्या निवाड्याचाही उल्लेख आहे. पुरेसा आधार नसताना शेजाऱ्याचा दोष मनातल्या मनात जरी खरा मानला, तरी तो अपराध होय, असा त्याचा आशय. हा शेजारी बहुधा आपल्याच ताटाशेजारी जेवत असतो. परक्यावर आरोप करताना आपण दहादा विचार करतो. घरच्या मुलावर करताना एकदाही नाही. आमच्या भगिनींचे भाच्यावर प्रेम नाही असे कोणी म्हणणार नाही. आपल्या आईची मिस्सा मोडली ह्या दुःखातूनच तो शब्द निघाला होता. दुःख खरे होते, निवाडा खोटा होता. आणि मोजले नसते तर तो खोटा निवाडा आमच्या घरात वर्षानुवर्षे खरा म्हणून नांदला असता.

क्षमा मागण्याची आमच्या घरातील रीत शब्दांची नाही. त्या रात्री भगिनींनी भाच्याला हाताला धरून जेवावयास आणले आणि पहिले ताट त्याला वाढले. ईस्टरपूर्वी त्या कुमसारासाठी बराच वेळ रांगेत उभ्या होत्या. तेथे त्या काय बोलल्या, ते परमेश्वराला ठाऊक. आम्ही विचारणारे कोण?

आमच्या धर्मग्रामात, आणि वाचकहो, आपल्याही धर्मग्रामात, अशी घरे पुष्कळ असतील. म्हातारी माणसे पडद्यासमोर मेणबत्ती लावून बसतात, आणि नातवाच्या मोबाईलवर ती मिस्सा अवलंबून असते. युवा संघातील मुलामुलींनी एखाद्या शनिवारी अशा घरी जावे, ती एक कळ चालू करून द्यावी, चित्र मध्यम प्रतीचे ठेवावे आणि आकडा कोठे पाहावयाचा ते घरच्यांना दाखवून यावे. अर्ध्या तासाचे काम आहे. त्या अर्ध्या तासाने एखाद्या आजीची मिस्सा पुरी होईल, आणि एखाद्या नातवावर नाहक येऊ पाहणारा आळ दारातूनच परत जाईल.