मथुशलहाची बेरीज

आयर्लंडातल्या आर्माचा आर्चबिशप जेम्स अशर. 1650 सालच्या लॅटिन ग्रंथात त्याने सृष्टीची उत्पत्ती इ.स.पू. 4004 मध्ये, 23 ऑक्टोबरच्या आदल्या संध्याकाळी धरली. त्या संध्याकाळला लोक अजून हसतात. पण माणूस भाबडा नव्हता. हिब्रू वंशावळ्या त्याने बाबिलोनच्या आणि ग्रीकांच्या इतिहासाशी सांधून घेतल्या होत्या. पुढे त्याच्या तारखा इंग्रजी बायबलच्या समासात छापू लागले आणि समासातला मजकूर मूळ वचनाइतकाच पवित्र झाला.

*

आधी ठरवायचं, बायबलचा कुठला पाठ? शेथ जन्मला तेव्हा आदाम हिब्रू पाठात 130 वर्षांचा, ग्रीक सेप्टुआजिंटमध्ये 230 चा. बहुतेक पिढ्यांना असे शंभर-शंभर चिकटत जातात. उत्पत्ती ते जलप्रलय: हिब्रूत 1656 वर्षं, शोमरोनी पाठात 1307, ग्रीकमध्ये 2242, तेही प्रतीगणिक बदलतं. ग्रीक पाठावर भिस्त ठेवणाऱ्या बायझंटाइनांची सृष्टी म्हणूनच इ.स.पू. 5509 ची.

*

मथुशलह जगला 969 वर्षं. लामेख झाला तेव्हा तो 187 चा, नोहा झाला तेव्हा लामेख 182 चा, प्रलय आला तेव्हा नोहा 600 चा. बेरीज 969. म्हातारा नेमका प्रलयाच्याच वर्षी जातो. काही ग्रीक हस्तलिखितांत मात्र 167 आणि 188, बेरीज 955. म्हणजे तो प्रलयानंतरही चौदा वर्षं हयात, आणि तारवात तर आठच माणसं! ऑगस्टीनने दोष नकलनवीसावर ढकलला. पण शोमरोनी पाठात यारेद, मथुशलह, लामेख तिघेही प्रलयाच्याच वर्षी मरतात. ही काही डुलकी नव्हे. कुणीतरी बेरीज करून पाहिलेली दिसते.

*

राजांकडे आलं की जमीन लागते. अश्शूरचा तिसरा शल्मनेसर इ.स.पू. 853 मध्ये कर्करला लढला. त्याच्या शिलालेखात शत्रूंच्या यादीत इस्राएलचा अहाब आहे. 841 मध्ये त्याला खंडणी देतो तो इस्राएलचा राजा येहू. मध्ये बारा वर्षं. बायबलमध्ये या दोघांमध्ये अहज्याची 2 आणि योरामची 12, म्हणजे चौदा. वरची दोन कुठली?

एडविन थीलने 1951 च्या पुस्तकात हा पेच सोडवला. इस्राएलात तेव्हा गादीवर आल्याचं अपुरं सालही पहिलं धरत, त्यामुळे तेच साल गेलेल्या आणि आलेल्या अशा दोन्ही राजांच्या खात्यात पडे. आपण पोराला पाचवं लागलं म्हणतो तेव्हा भरलेली चारच असतात, तसं. एक अधिक अकरा, बारा. कर्करनंतर अहाब त्याच वर्षी मेला हे मात्र त्यात गृहीत धरावं लागतं. थीलने इतरत्र बाप-लेकांना एकत्र राज्य करायला लावलंय, ते काही ठिकाणी ओढूनताणून वाटतं. ही बारा मात्र पटतात.

आणि 853 तरी कशावरून? अश्शूरी लोक वर्षाला अधिकाऱ्याचं नाव देत. बुर-सगालेच्या वर्षी सूर्यग्रहण झाल्याची नोंद आहे. गणिताने ते 15 जून 763 चं. तिथून नावं मोजत मागे जायचं.

*

'सेदेर ओलाम' या यहुदी कालगणनेच्या ग्रंथात इराणी राजांची दोनशेवर वर्षं जेमतेम पन्नासांत आटोपली आहेत. दानिएलाच्या भविष्यातली 490 वर्षं दोन मंदिरविध्वंसांच्या मध्ये बसवायची, मग दारयावेशांची गर्दी परवडत नाही. इ.स.पू. 3761 पासूनचा यहुदी संवत याच परंपरेतला. कोकणातल्या बेने इस्राएलांचं नवं वर्षही त्याच हिशेबाने येतं.

*

बाबिलोनच्या नबुखद्नेस्सरने यहूदाचा राजा यहोयाखीन याला धरलं ते स्वतःच्या कारकिर्दीच्या सातव्या वर्षी, असं तिथली मातीची पाटी सांगते. आपल्या हिशेबाने मार्च 597. यिर्मयाच्या पुस्तकातही सातवंच. 'दुसरे राजे' हे पुस्तक म्हणतं, आठवं. यरुशलेमच्या विध्वंसाचं साल त्यामुळे कुणी 587 लिहितो, कुणी 586. वर्ष वसंतात सुरू करायचं की शरदात, यावरून अभ्यासकांच्या दोन फळ्या अजून आहेतच.