दार शॉर्ट करू नकोस

पुणे, रविवार

प्रिय बाळू,

"ताई, दाराच्या स्विचचा लूप कुठे मारायचा तेवढं सांग, बाकी मी बघतो," हा तुझा निरोप ऐकला. लूप मारला की दार उघडं असतानाही मशीन चालतं, आणि तो कुठे मारायचा ते मला माहीत आहे. पॅनेल बनवण्यातच आयुष्य चाललंय माझं. पण सांगणार नाही. फोनवर नुसतं 'नाही' म्हटलं असतं, तर संध्याकाळपर्यंत तू कुणा वायरमनला बोलावून काम उरकलं असतंस, आणि तुमच्या भोसरीत असे वायरमन पैशाला पासरी. म्हणून हे पत्र.

तुझा पहिला मुद्दा बाबांचा. बाबांनी एचएमटीच्या मिलिंगवर दाराशिवाय उभी हयात काढली आणि त्यांची दहाही बोटं शाबूत आहेत. खरं आहे. पण ते मिलिंग आठव. स्पिंडल दोन हजार आरपीएमच्या आतला, टेबल सरकणार ते बाबांनी हँडल फिरवल्यावर. कटर जॉबला भिडण्याआधी हातालाच कळायचं. तुझं व्हीएमसी म्हणजे संगणकाने चालणारं मिलिंग, त्यावर पुढची हालचाल कुठली हे प्रोग्रामला ठाऊक असतं, समोर उभ्या माणसाला नसतं. जी-झिरोची, म्हणजे सुसाट सरकण्याची, ओळ आली की टेबल मिनिटाला तीस मीटरने, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर धावतं. ६३ मिलिमीटरचा फेस मिल ५,००० आरपीएमला फिरतो तेव्हा इन्सर्टचं टोक ताशी साठ किलोमीटरच्या आसपास पळत असतं. इन्सर्ट सुटला, व्हाइसमधला जॉब निसटला, तर तो जाणार कुठे? पत्रा आणि काच नसेल तर सेटरच्या अंगावर. टूल चेंजरचा आर्म तर कसलीही सूचना न देता फिरतो.

तुझा दुसरा मुद्दा जास्त चलाख आहे. "दार उघडलं की मशीन बंद पडतंच ना, मग लॉक कशाला?" हिशेब करून बघ. हात पुढे जाण्याचा वेग सुरक्षेच्या मानकांत सेकंदाला दोन मीटर धरतात, आयएसओ १३८५५ मध्ये तो आकडा आहे. दारापासून स्पिंडलपर्यंत तुझ्या मशीनवर साधारण साठ सेंटिमीटर. म्हणजे दार सरकवून आत घातलेला हात सेकंदाच्या एक तृतीयांशाच्या आत कटरपाशी पोचतो. पूर्ण वेगातला स्पिंडल ड्राइव्हने ब्रेक मारूनही तेवढ्यात थांबत नाही. आणि वीजच गेली, तर ड्राइव्हला ब्रेक मारता येत नाही, स्पिंडल स्वतःच्या जोरावर कितीतरी वेळ गरगरत राहतो. म्हणून चांगल्या मशीनवर नुसता स्विच नसतो, कडी असते. ती स्प्रिंगने बंद राहते आणि कॉइलला करंट मिळाला तरच उघडते. लाइट गेले तरी दार बंदच. तू ज्याला "लाइट गेल्यावर दार अडकतं, डोक्याला ताप" म्हणालास ना, तो बिघाड नाही. कडी नेमकं तिचं काम करतेय.

आता तुझ्या मशीनकडे येऊ. तू पाठवलेल्या फोटोत दाराला एक स्टीलची पट्टी दिसते आणि ती जिच्यात शिरते ती पिवळी-काळी डबी. पट्टी बाहेर आली की आतला कॉन्टॅक्ट ओढून उघडला जातो. स्प्रिंगच्या भरवशावर नाही, थेट पट्टीच्या जोराने. त्यामुळे कॉन्टॅक्ट चिकटला असला तरी तुटतो. डबीवर वर्तुळात बाणाची खूण असते ती याचीच. स्विच बदलताना ती खूण असल्याशिवाय घेऊ नकोस. दुकानदार "तसंच आहे, चालतंय" म्हणून साधा लिमिट स्विच गळ्यात मारेल.

या डबीचा कमकुवतपणाही मला माहीत आहे, उगाच झाकत नाही. अशीच सुटी पट्टी मिळते. ती तारेने बांधून डबीत खुपसून ठेवली की मशीनला वाटतं दार बंद आहे. अशी पट्टी टूलच्या ड्रॉवरमध्ये ठेवणारी शॉप मी पाहिली आहेत. नव्या मशीनवर चिप असलेले कोडेड स्विच येतात, काहींत तर एका डबीला एकच जोडीदार ओळखता येतो. तिथे ही युक्ती चालत नाही. मग लोक पॅनेलमध्ये घुसतात. तिथे दोन वेगळ्या चॅनलच्या वायरी आणि सेफ्टी रिले असेल, तर एका चॅनलला लूप मारून भागत नाही, दोन्ही जुळले नाहीत की रिले पुन्हा चालू होत नाही. जुन्या मशीनवर मात्र एकच वायर थेट पीएलसीत, म्हणजे मशीनच्या कंट्रोलरमध्ये, गेलेली असते, आणि काही बिल्डरांनी सर्व्हिसच्या सोयीसाठी त्याच्या मेमरीत एखादा कीप रिलेचा बिट ठेवलेला असतो, तो एक केला की दाराचा विषयच संपला. तू सेकंडहँड घेतलंस, तेव्हा आधीच्या मालकाने तो बिट कुठल्या स्थितीत सोडलाय हे आपण अजून पाहिलेलंच नाही.

हे सगळं करणारे लोक मूर्ख किंवा बेफिकीर असतात असं मला मुळीच वाटत नाही. २००६ साली जर्मनीतल्या अपघात विमा संघटनांनी एक अहवाल काढला होता. धातुकामाच्या मशीनवरची सुमारे ३७ टक्के संरक्षक साधनं कधी ना कधी, नाहीतर कायमचीच, निकामी केलेली असतात असा त्यांचा निष्कर्ष. जर्मनी म्हणजे नियमाने चालणाऱ्यांचा देश, तिथे ही गत! त्यानंतर मानकांचा सूर बदलला. आयएसओ १४११९ आता मशीन बनवणाऱ्यालाच बजावतं की स्विच फसवावा असं माणसाला का वाटेल ते आधी शोध आणि ते कारण काढून टाक. मला हे पटतं. ऑपरेटरला दम देऊन दार दोन दिवस बंद राहतं. तिसऱ्या दिवशी पट्टी पुन्हा डबीत.

तेव्हा तुझ्याकडे दार उघडं का हवंय ते बघू. तू तीन कारणं सांगितलीस.

अलार्म हे पहिलं. रफिंगमध्ये मध्येच "डोअर ओपन" येतो, स्पिंडल थांबतो, इन्सर्ट फुटतो, जॉब जातो. तुझा राग रास्त आहे. पण दोष बहुधा स्विचचा नाही. खालच्या रेलमध्ये चिप्स साठल्यात, रोलर झिजलेत, दार एका बाजूला बसलंय. पट्टी तिरकी शिरते आणि मशीन हादरलं की कॉन्टॅक्ट थरथरतो. शिवाय तुझी पोरं दार धाडकन लोटतात आणि ते थांबतं कुठे, तर त्या डबीवर. स्विच हा दाराचा स्टॉपर नाही, बाळू. रोलर बदल, रेल साफ करून वायपर लाव, दार थांबायला रबराचा वेगळा ठोकळा बसव, मग पट्टी सरळ रेषेत घे. निम्म्याहून अधिक अलार्म इथेच जातील. तरी आला तर स्विच बदलू. मोजक्या कार्बाइड एंड मिलच्या पैशात तो येतो.

दिसत नाही, हे दुसरं. काचेवर कुलंटचा पडदा, आत अंधार, मग सेटर मान आत घालतो. आत एलईडी पट्टी लाव, काही हजारांत काम होतं. काच मात्र नीट बघ. ती साधी काच नसते, आतल्या अंगाला काच आणि मागे पॉलिकार्बोनेट असतं. मार झेलतं ते पॉलिकार्बोनेट. कडेचं सील गेलं आणि कुलंट-तेल तिथवर पोचलं की ते वर्षागणिक कमजोर होतं. डोळ्यांना फक्त थोडं धूसर दिसतं. तुझ्या फोटोतल्या काचेवर कोपऱ्यात जाळी पडल्यासारखी दिसली. खिडकी बदलल्याशिवाय दार बंद ठेवण्याला अर्थ नाही. आणि ती मशीन बनवणाऱ्याकडूनच घे, फर्निचरवाल्याकडची अ‍ॅक्रिलिक शीट कापून लावू नकोस.

तिसरं कारण सगळ्यात खरं: पहिला जॉब. नवा प्रोग्राम, ऑफसेट बरोबर आहे की नाही याची धाकधूक, म्हणून सेटरला कटरच्या शेजारी डोळे हवेत. यावर बंद दारानेच चालणारी रीत आहे. वर्क ऑफसेटचा झेड शंभर मिलिमीटर वर घेऊन सगळा प्रोग्राम हवेत चालव. मग खरा झेड घाल, सिंगल ब्लॉक लाव, रॅपिड सगळ्यात खाली. टूल जॉबच्या वर आलं की फीड होल्ड दाब, स्पिंडल थांबव आणि स्क्रीनवर 'डिस्टन्स टू गो' वाच. दार उघड, मोजपट्टी लावून अंतर बघ. स्क्रीन म्हणते बारा मिलिमीटर उरलेत आणि मोजपट्टीवर बारा भरले, तर दार बंद करून पुढे जा. दोन भरले, तर तुझं टूल, जॉब आणि कदाचित स्पिंडल वाचलं. उघड्या दारातून डोळ्यांनी बघणाऱ्याला हा फरक कळेपर्यंत टूल आत घुसलेलं असतं. बॅच छोट्या असतील तर टूलची लांबी मोजणारा एक टूल सेटर घे, प्रोब पुढच्या वर्षी.

चिप्स काढायला पोरं हात घालतात तेही थांबव. सायकलच्या शेवटी टेबल पुढे आणून कुलंटने धुणारा छोटा सबप्रोग्राम लिही. टूल होल्डरमध्ये बसणारा पंखाही मिळतो, तो टूल चेंजरमधून येऊन बंद दाराआड चिप्स उडवतो. हातमोजे घालून स्पिंडलपाशी कुणी जाता कामा नये, मोजा कटरने धरला की हात सोडत नाही.

दार उघडं ठेवून मशीन कधीच चालवू नये असं मी म्हणत नाही. मानकांनीसुद्धा तशी सक्ती केलेली नाही. मशीनिंग सेंटरसाठी आधी युरोपचं ईएन १२४१७ होतं, आता आयएसओ १६०९०-१ आहे. त्यात सेटिंगसाठी वेगळा मोड दिलेला आहे: किल्लीने निवडायचा, बटण दाबून धरलं असेल तोवरच हालचाल, अक्षांचा वेग मिनिटाला दोन मीटरपुरता आणि स्पिंडल दोन फेऱ्यांत थांबेल एवढाच. तुझ्या मशीनवर ती किल्ली आहे. फोटोत ती पॅनेललाच लटकलेली दिसली. काढ. ती सेटरच्या खिशात राहील, रात्रपाळीच्या पोराच्या हातात नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण त्याने तुझं मन वळणार नाही हे मला ठाऊक आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम २१ मध्ये धोकादायक भागांवरचं संरक्षण मशीन चालू असताना जागेवर असलंच पाहिजे असं स्पष्ट होतं. "आपली माणसं कमी, आपल्याला लागू नाही," असं तू म्हणशील. नुकसानभरपाईची कायदेशीर तरतूद मात्र १९२३ पासूनची आहे. त्यात कामगाराने स्वतः मुद्दाम गार्ड काढला असेल, तर काही प्रसंगी मालकाला बचाव मिळतो. गार्ड मालकानेच काढायला लावला असेल, तर कसला बचाव?

मी घाबरवायला बसलेली नाही. व्हीएमसीपेक्षा पॉवर प्रेस कितीतरी जास्त बोटं खातं. 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून 'क्रश्ड' नावाचे अहवाल काढते, ते वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांबद्दल आहेत. एकदा चाळ. तिथली माणसं तुझ्याच शेजारच्या गाळ्यात शोभतील अशी आहेत. व्हीएमसीवर अपघात कमी होतात ते बऱ्याच अंशी दारामुळे. दार शॉर्ट केलंस की तो फायदा तू स्वतःहून परत करतोस, आणि मशीन आहे तेवढंच वेगवान राहतं.

गुरुवारी तुमची सुट्टी, मी सकाळीच येते. त्याआधी स्विचच्या नेमप्लेटचा स्वच्छ फोटो आणि पॅनेलच्या दारामागे खोचलेल्या ड्रॉइंगमधलं सेफ्टी सर्किटचं पान पाठव, म्हणजे स्विच सोबतच आणता येईल. रोलर तू आण. कीप रिलेची यादी आपण दोघं मिळून बघू. तोवर रफिंगचं काम शेजारच्यांकडे दे, चार पैसे कमी मिळाले तरी चालतील.

तुझी,
ताई