भट्टीवाल्या मावशींचं माप

आमच्या घरात त्यांना सगळे भट्टीवाल्या मावशी म्हणत. नंदुरबारला आमच्या मागच्या गल्लीत त्या राहायच्या. नात्यानं आमच्या कुणी नव्हत्या. पण आईच्या गुडघेदुखीपासून वडील गेल्यानंतरच्या तिच्या जागरणांपर्यंत बरंच काही त्यांच्या हातांनी सुसह्य केलं. घरगुती उपायांबद्दल मला जी काही समज आहे, ती त्यांच्याकडूनच आली. हे ऋण एकदा नीट मांडावं, असं फार दिवस मनात होतं.

मावशींचं माहेर सातपुड्याच्या पायथ्याचं. त्यांचे वडील रोशा गवताच्या भट्टीवर कामाला असत. डोंगरउतारावर हे गवत आपसूक उगवतं. पावसाळा सरताना ते फुलोऱ्यावर आलं, की कापणी व्हायची आणि ओढ्याकाठी भट्ट्या पेटायच्या. ओढा लागायचाच. हंड्यातल्या गवताची वाफ बांबूच्या नळीतून ज्या भांड्यात उतरे, ते भांडं वाहत्या पाण्यात गार ठेवावं लागे. वाफ निवली की त्यात खाली पाणी राही आणि वर तेलाचा पातळ थर तरंगे. शंभर किलो ओल्या गवतातून अर्धा किलो तेल निघालं तरी भाग्य. गवताचे भारेच्या भारे पोटात घेऊन एवढंसं काहीतरी देणारी भट्टी मावशींनी लहानपणापासून पाहिली होती. थेंबाची किंमत त्यांना कुणी वेगळी शिकवावी लागली नाही.

पुढं मी वाचलं, की खानदेशातलं हे तेल एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून तुर्कस्तानकडे जात असे आणि तिथं गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई. रोशाच्या तेलात साधारण तीनचतुर्थांश किंवा त्याहून जास्त जिरॅनिऑल असतं, आणि गुलाबाच्या सुवासातही ते असतं. मावशींना हा व्यापार ठाऊक नव्हता, पण तेल ठाऊक होतं. बाटली उघडून त्या माझ्यापुढं धरायच्या आणि अहिराणीत म्हणायच्या, "नाकले इचार." उन्हात राहिलेलं, हवा लागून बिघडलेलं तेल त्या वासावरून ओळखत आणि अंगाला लावू देत नसत. त्यांची बाटली गडद काचेची असे, घट्ट बुचाची, भिंतीतल्या देवळीत अंधाराला ठेवलेली. असं बिघडलेलं तेल कातडीला चुरचुरतं, पुरळ उठवतं, हे मी नंतर पुस्तकात वाचलं. मावशींच्या घरी ते शास्त्र आधीच पाळलं जात होतं.

आईचे गुडघे थंडीत धरत. संध्याकाळी चुलीची कामं उरकून मावशी यायच्या. चमचाभर कोमट तिळाच्या तेलात रोशाचे दोन थेंब, बस. त्याहून जास्त नाही. पहिल्यांदा आई म्हणाली, "मावशी, अजून थोडं घाला ना, लवकर उतरेल." मावशींनी मान हलवली आणि आधी तिच्या मनगटाला आतल्या बाजूनं तेलाचं बोट लावून ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिथं लाली नाही असं बघूनच मालिश सुरू केलं. चमचा म्हणजे पाच मिलिलिटर, थेंब साधारण शंभर. त्यातले दोन म्हणजे दोन टक्के. मोठ्या माणसाच्या अंगाला लावायचं हेच प्रमाण आजही सांगितलं जातं.

गल्लीतल्या एका लेकराचं नाक सर्दीनं चोंदलं होतं. त्याच्या आजीनं कापूर घातलेलं तेल छातीला चोळायला घेतलं. मावशींनी वाटी हातातून काढून घेतली. एरवी आवाज न चढवणाऱ्या त्या बाई त्या दिवशी कडाडल्या. लेकराला उभं धरलं, खिडकी उघडली आणि घरच्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. कापूर तान्ह्या मुलांना घातक ठरू शकतो, त्यानं झटकेही येऊ शकतात. निलगिरीचं तेल पोटात गेलं तर मोठ्या माणसाचाही जीव धोक्यात येतो. झोपेसाठी जायफळ उगाळताना मावशी सहाणेवर दोन वळसे देत आणि थांबत, कारण जास्त जायफळानं गुंगी येते, उलट्या होतात, भास होतात. ज्याच्यात गुण आहे त्याच्यात अवगुणही आहे, हे त्यांचं साधं तत्त्व होतं. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, असं त्यांनी कधी मानलं नाही.

वडील गेले त्या हिवाळ्यात आईची झोप उडाली. मी पुण्याहून रजा काढून आले होते, पण तिच्या उशाशी बसून काय करावं हे मला सुचत नव्हतं. मावशी रोज दिवेलागणीनंतर यायच्या. कोमट पाण्यात आईची पावलं भिजवायच्या, पुसायच्या आणि तेच दोन थेंबांचं तेल तळव्यांना चोळायच्या. चोळता चोळता विचारायच्या, "दादांना वांग्याचं भरीत आवडायचं ना?" आई बोलू लागायची. लग्नातलं, बदलीच्या गावातलं, भांडणातलंसुद्धा. सांत्वनाला आलेले लोक वडिलांचा विषय टाळत होते. मावशी तो मुद्दाम काढत होत्या. गवताचा तो हिरवा, गोडसर वास खोलीत भरलेला असे. काही आठवड्यांनी आई पहाटेपर्यंत सलग झोपू लागली.

गंधाची जाणीव मेंदूत भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत फार जवळच्या वाटेनं पोहोचते, असं विज्ञान सांगतं. मालिशनं ताठलेले स्नायू सैलावतात हेही खरं. पण आईला झोप कशानं लागली, असं मला कुणी विचारलं, तर मी तेलाआधी त्या बोलण्याचं नाव घेईन. तेलाच्या निमित्तानं एक माणूस रोज येत होतं आणि घाई न करता बसत होतं.

मावशींनी पैसे कधी घेतले नाहीत. चहा घ्यायच्या, आईनं नेसवलेली साडी घ्यायच्या, एवढंच. आता त्या नाहीत, आईही नाही. दुकानांतून सुगंधी तेलांच्या चिमुकल्या बाटल्या रांगेनं मांडलेल्या असतात, आणि डोकेदुखीपासून मधुमेहापर्यंत सगळ्यावर त्या चालतात असं सांगणारेही भेटतात. ओळखीतल्या कुणी मला त्याबद्दल विचारलं, तर मी मावशींचं माप सांगते: थेंब कमी, आधी मनगटावर परीक्षा, पोटात अजिबात नाही, तान्ह्या बाळापासून दूर, आणि दुखणं मोठं वाटलं तर डॉक्टर. मग मावशी पहिल्यांदा जे विचारायच्या ते विचारते, कुठं दुखतंय आणि कधीपासून. पुष्कळदा उत्तर लांबत जातं आणि तेलाचा विषय मागं पडतो. अशा वेळी मी उठत नाही. हे बसणं मी त्यांच्याकडून उसनं घेतलंय, आणि ते असंच दुसऱ्याजवळ बसून फेडायचं आहे.