गगनबावड्याची लाखेरी

कोल्हापूरहून गगनबावडा 55 किलोमीटर. कळे मागे पडले, साळवण ओलांडले की ऊस विरळ होतो आणि डोंगर जवळ येतो. पुढे करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट कोकणात उतरतात. पावसाची तर बातच न्यारी. वर्षाला 5000 मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणारा हा मुलूख. त्यामुळे दिवाळी जवळ आली तरी बांधाच्या कडेचे चर ओलेच असतात, आणि पायातली चप्पल कधी चिखलात राहील याचा नेम नसतो.

आपल्यातली बहुतेक मंडळी इथे गगनगडासाठी येतात. गडावर गगनगिरी महाराजांचा मठ आहे आणि गैबी पीरांचे स्थानही. आम्ही मात्र या खेपेला एका झुडपासाठी आलो होतो. आम्ही तीन शिक्षक, घरची मंडळी आणि आठवी-नववीची काही मुले. मुलांना वहीत एकच नोंद करायची होती : गुलाबी फुलाचे झुडूप कोणते?

पळसंब्याच्या ओढ्याकाठी ते पहिल्यांदा भेटले. छातीएवढे उंच, खरखरीत पानांचे, हाताच्या तळव्यात मावेल एवढे जांभळट गुलाबी फूल. याला लाखेरी म्हणतात, कुठे पालोरे म्हणतात. शास्त्रीय नाव मेलास्टोमा मॅलॅबॅथ्रिकम. नाव जिभेला जड आहे खरे, पण त्याच्या दोन्ही अर्ध्यांत ओळखीची खूण दडलेली आहे.

मेलास्टोमा म्हणजे ग्रीकमध्ये काळे तोंड. पिकलेले फळ वेडेवाकडे फुटते, आत काळपट जांभळा गर असतो. पाखरे तो आवडीने खातात आणि बी पसरवतात. गुराख्याच्या पोरांना विचारा, तो खाल्ल्यावर जीभ कशी होते ते दाखवतील.

दुसरा अर्धा तर थेट आपल्या स्वयंपाकघरातला. बिर्याणीत टाकतो ते तमालपत्र आठवा. देठापासून टोकापर्यंत तीन लांब शिरा सरळ गेलेल्या असतात. लाखेरीच्या पानावरही तशाच तीन ते पाच शिरा धावतात. जुने ग्रीक आणि रोमन लोक तमालपत्राला मॅलॅबॅथ्रम म्हणत. हा आपलाच ‘तमालपत्र’ शब्द, व्यापाऱ्यांच्या तोंडी झिजलेला. युनानी हकीम त्याच पानाला साज़ज हिंदी म्हणतात. लाखेरी काही तमालपत्राच्या कुळातली नाही, वास घेतला की कळते. पण पानाची ठेवण सारखी.

मुले पुढे गेली आणि गोंधळ सुरू झाला. “सर, ये भी गुलाबी है, वो भी गुलाबी है!” एकीने फिकट फूल आणले, दुसऱ्याने गडद. एकाचे पान रुंद, दुसऱ्याचे निमुळते. मग या दोन जाती का? नाही. लाखेरीचा रंग फिकट ते गडद असा बदलतो, क्वचित पांढरे फूलही येते. जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी अशा फरकांवरून कितीतरी वेगवेगळी नावे दिली होती. 2001 मधल्या एका मोठ्या फेरतपासणीत त्यांतली बरीच नावे या एकाच जातीखाली आणली गेली. तेव्हा रंगावर जाऊ नये. पाकळ्या मोजाव्यात.

लाखेरीला साधारण पाच पाकळ्या. मोरजाईच्या पठारावर, बोरबेटच्या बाजूला, श्रावण-भाद्रपदात वीतभर उंचीचे गुलाबी रोपटे कातळावर पसरते. त्याला चार पाकळ्या. ते ओस्बेकिया. आणि पाणी झिरपणाऱ्या दगडाला चिकटून तीन पाकळ्यांचे नाजूक फूल दिसले तर ते सोनेरिला. पाच, चार, तीन, आणि तिन्ही एकाच कुळातली. हे कळल्यावर मुलांनी वह्या भराभर भरल्या.

मोठे फूल हातात असेल तर पुंकेसरही पाहा. लाखेरीत पाच लांब, विळ्यासारखे वाकलेले जांभळे, आणि पाच आखूड पिवळे. भुंगा पिवळ्यांवर बसून अंग थरथरवतो, त्या गुणगुणीने पराग बाहेर उडतो. तो पिवळा पराग गोळा करण्यात गुंग असताना लांब पुंकेसर त्याच्या अंगाला गुपचूप आपला पराग माखतात. सुबहानअल्लाह, असे आमच्या अम्मींच्या तोंडून सहज निघाले.

खरा प्रश्न बांधावर उभा होता. एक शेतकरी मामा कोयत्याने झुडपे साफ करत होते. “घाणेरी माजलीया, गुलाबी दिसलं की तोडायचं,” म्हणाले. घाणेरी तोडायलाच हवी. ती अमेरिकेकडून आलेली, शोभेचे झाड म्हणून आणलेली, आज रानभर पसरली आहे. पण त्यांच्या ढिगात लाखेरीही होती. मुलांनी दोन्ही फांद्या शेजारी ठेवून दाखवल्या. घाणेरीचे खोड चौकोनी, काटेरी, फुले बारकी आणि गुच्छात, पान चुरगळले की उग्र दर्प. लाखेरीला काटा नाही, खोडावर बारीक खवले. मामांनी पान उलटसुलट करून शिरा बघितल्या, “हे आमच्या आजीच्या ओळखीचं झाड,” म्हणाले आणि ओढ्याकडची दोन झुडपे राहू दिली.

या जांभ्याच्या जमिनीत ॲल्युमिनियम भरपूर असते. बऱ्याच पिकांच्या मुळांना ते सोसत नाही. लाखेरी मात्र ते शोषून पानांत साठवते आणि फोफावते. जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या काही पठारांवर याच ॲल्युमिनियमपायी बॉक्साइटच्या खाणी निघाल्या, ही गोष्ट वेगळी.

परतताना करूळ घाटाच्या तोंडाशी थांबलो. हा घाट 2024 मध्ये रस्त्याच्या कामासाठी महिनोन्‌महिने बंद होता. कडेची माती अजून ठिकठिकाणी उघडी आहे. तिथे आधी घाणेरी येते की लाखेरी, ते पुढच्या पावसाळ्यानंतर मुले मोजणार आहेत. जागा त्यांनी वहीत किलोमीटरच्या दगडासकट टिपून ठेवल्या आहेत.