काका-काकूंची कोची

नवेगावबांधच्या तलावात ढिवर बांधव जाळं फेकतात ना? तशी जाळी पाहिलेले आमचे काका-काकू गोंदियाहून रेल्वेने कोचीला गेले. वास्को-द-गामा १५२४ मध्ये तिथेच वारला. त्याला पुरलं ती चर्चमधली जागा काकांनी पाहिली. (अस्थी पुढे पोर्तुगालला नेल्या.)

काकू मात्र किनाऱ्यावरच्या चिनी जाळ्यांपाशीच थबकल्या! मल्याळममध्ये त्यांना 'चीनवला' म्हणतात. घराएवढं जाळं पाण्यात सोडायचं, मग चार-सहा जणांनी दोर ओढून वर काढायचं. टांगलेले दगड तोल सांभाळतात. पण मासळी घटली, सागवान महागलं, जाळी कमी होत चाललीत. काकूंनीही दोर ओढला. मासे निघाले मूठभर, जलपर्णी मात्र टोपलीभर!