जादा पिशवी

प्रवासास निघतांना भरलेल्या पिशवीबरोबर एक रिकामी पिशवीहि घ्यावी, असें कोणी सांगितलें तर ऐकणारास प्रथम हसूंच येईल. ओझें कमी करा, असा उपदेश सारेच करतात. रिकाम्या पिशवीचें ओझें वाहा असें सांगणारा विरळा. आमच्या घरांत पुतण्यानें अशी एक पिशवी विकत आणली, तेव्हां वहिनींनीं ती बोटांत धरून, "ही पिशवी कीं हातरुमाल?" असें विचारलें. प्रश्न थट्टेचा असला तरी विचार करण्याजोगा होता. घडी केली असतां मुठींत मावणारी आणि उलगडली असतां पंधरा-वीस लिटर सामान पोटांत घेणारी ही वस्तु डोंगरांत व संकटसमयीं कितपत उपयोगी पडते, आणि घ्यावयाची झाल्यास ती कशी पारखावी, हें पाहण्याचा येथें हेतु आहे.

सह्याद्रींत भटकणारांस तिचा पहिला उपयोग सांगावा लागत नाहीं. राजगडावर मुक्कामास जाणारे लोक बहुधा पद्मावती माचीवर सामान ठेवतात आणि तेथून बालेकिल्ला पाहावयास निघतात. ती वाट उभ्या कातळांतून चढते. पाठीवर दहा किलोंचें बिऱ्हाड घेऊन ती चढण्याचें कारण नाहीं. पण पाणी, चार घांस खाणें, विजेरी आणि औषधें हीं बरोबर हवींतच. पाण्याची बाटली हातांत धरली, तर कातळाला धरावयास हात उरत नाहीं. हरिश्चंद्रगडावर लेण्यांत सामान ठेवून तारामतीच्या शिखराकडे जाणारांचीहि हीच अडचण असते. अशा वेळीं ही लहानशी पिशवी कामास येते.

परंतु तिचें खरें मोल मला कळलें तें निराळ्याच प्रसंगीं. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही पांच जण राजगडाहून उतरत असतां एका स्नेह्याचा पाय मुरगळला. पाली दरवाजाची वाट रुंद व पायऱ्यांची, म्हणून तीच धरली. तरी दोघांच्या खांद्यांवर हात टाकून लंगडत चालणाऱ्या माणसाच्या पाठीवर ओझें ठेवतां येत नाहीं, आणि त्याला आधार देणाऱ्या दोघांच्या पाठीवरहि फार ओझें चालत नाहीं. राहिले दोघे : माझा पुतण्या आणि बारा वर्षांची पुतणी. तिचें सामान वडील माणसांच्या पिशव्यांतच असल्यामुळें तिच्यापाशीं स्वतःची पिशवी नव्हती. पुतण्यानें खिशांतून ती "हातरुमाल" पिशवी काढली, तिच्यांत तीन-चार किलो सामान भरलें आणि बहिणीच्या पाठीवर चढविली. बाकीचें त्यानें स्वतः घेतलें. पायथ्याच्या गांवापर्यंत त्या मुलीनें आपला वांटा एकदांहि खालीं ठेवला नाहीं. जिला आम्ही सांभाळून न्यावयाचें होतें, तीच त्या दिवशीं आम्हांस साह्य करीत होती.

जादा पिशवी ओझें वांटून घेण्यासाठीं असते, हें त्या उतारावर माझ्या मनांत पक्कें झालें. म्हणून ती निवडतांना घेणारानें केवळ आपली पाठ पाहूं नये. आयत्या वेळीं ती घरांतील लहान मुलाच्या, थकलेल्या आजोबांच्या किंवा दम्याच्या माणसाच्या खांद्यावर चढेल, हें ध्यानांत ठेवून पारख करावी. बाजारांत सर्वांत हलकी पिशवी कोणती, एवढेंच विचारणाराचें येथें चुकतें. कांहीं पिशव्यांचे पट्टे इतके अरुंद व पातळ असतात कीं तीन किलो सामान भरतांच ते दोरीसारखे खांद्यांत रुततात. वीस-तीस ग्रॅम अधिक भरले तरी चालतील, पण पट्टे रुंद असावे आणि त्यांची लांबी कमीजास्त करतां यावी. पट्टा जेथें पिशवीला जोडलेला असतो, तेथें आडवे दाट टांके घातले आहेत कीं नाहींत, हें उजेडांत धरून पाहावें. पिशवी फाटते ती बहुधा तेथेंच.

आतां कापडाविषयीं. या पिशव्या बहुतेक नायलॉनच्या असतात. १९३५ सालीं अमेरिकेंत वॉलेस कॅरॉदर्स या रसायनशास्त्रज्ञाच्या संशोधनांतून हा धागा निघाला. त्याची जाडी डेनियर या मापानें सांगतात. ९,००० मीटर धागा जितके ग्रॅम भरेल, तितके त्याचे डेनियर. ३० डेनियरच्या, सिलिकॉनचा लेप दिलेल्या कापडाचा एक चौरस मीटर तुकडा सुमारें ४५ ग्रॅम भरतो, म्हणून साधी पिशवी १०० ग्रॅमच्या आंतबाहेर राहते. ७० डेनियरची पिशवी जड खरी, पण करवंदीच्या जाळींतून जातांना तिची काळजी कमी. कापडावर बारीक चौकडी दिसावी. मधून मधून जाड धागा विणल्यामुळें ती उमटते, आणि कापडास भोंक पडलें तरी चीर त्या धाग्याशीं अडते. आंतील लेप पॉलियुरेथेनचा असेल तर तो दमट हवेंत कालांतरानें चिकट होऊन सुटूं लागतो. कोंकणांतला पावसाळा त्यास मानवत नाहीं. सिलिकॉनचा लेप या बाबतींत अधिक टिकाऊ. मात्र लेप कोणताहि असो, शिवणींतून पाणी शिरतें. यासाठीं औषधें व कपडे आंत प्लॅस्टिकच्या पिशवींत बांधून ठेवावे.

एवढा खटाटोप कशाला, घरांत कापडी पिशव्यांचा ढीग पडला आहे, असें कोणी म्हणेल. त्यास उत्तर म्हणून आमच्या आत्याबाईंची हकीकत सांगतों. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें व त्यापाठोपाठ खडकवासल्याचें धरण फुटलें आणि मुठेचें पाणी पुण्याच्या पेठांत शिरलें. आत्याबाई त्या वेळीं नारायण पेठेंत राहात. चादरींत घराचे कागद, सासूबाईंचीं औषधें व थोडे दागिने बांधून त्या निघाल्या. एका हातीं बोचकें, दुसऱ्या हातीं दोन वर्षांचें मूल. पाण्याची ओढ वाढली तेव्हां भिंतीला धरावयास तिसरा हात नव्हता. त्यांनीं बोचकें सोडलें. पुढें कागद पुन्हां मिळवितांना दोन वर्षें गेलीं, पण त्याबद्दल त्या कधीं हळहळल्या नाहींत. त्या म्हणत, "देवानें दोनच हात दिले, त्यांत काय धरावें तें बाईला कळतें." कळतें हें खरें, तरी पाठीवर पिशवी असती तर निवड करण्याची पाळीच आली नसती. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां मुंबईंत कमरेएवढ्या पाण्यांतून घर गांठणाऱ्या असंख्य लोकांनाहि दोन्ही हात मोकळे हवे होते. पूर्वींचे प्रवासी खांद्यावर पुढेंमागें लोंबणारी पडशी टाकीत. हात मोकळे ठेवण्याचें मर्म त्यांना ठाऊक होतें.

तेव्हां अशी पिशवी घरांत घ्यावयाची झाल्यास एक न घेता दोन-तीन घ्याव्या. दुकानांत तिच्यांत लिटरच्या चार भरलेल्या बाटल्या घालून, म्हणजे सुमारें चार किलो भार देऊन, घरांतील सर्वांत अशक्त माणसानें दहा मिनिटें फिरून पाहावें. दुकानदार हसला तर हसूं द्यावा. पिशवीला सांगाडा नसल्यामुळें मऊ कपडे पाठीकडे व टोंचणाऱ्या वस्तु बाहेरच्या अंगास ठेवाव्या. पांच किलोंहून अधिक भार तिच्यावर लादूं नये. रंग नारिंगी किंवा पिंवळा असावा, म्हणजे धुक्यांत व रानांत शोधणाऱ्याला ती लांबून दिसते. भिजल्यावर पूर्ण वाळविल्यावांचून घडी करूं नये.

डोंगरावर जाणाराची पिशवी त्याच्या मोठ्या पिशवीच्या वरच्या कप्प्यांत असावी, तळाशीं नव्हे. घरची पिशवी दाराजवळच्या खुंटीला टांगावी आणि तिच्यांत रोजच्या औषधांची यादी, कागदपत्रांच्या प्रती व विजेरी एवढेंच ठेवून बाकीची जागा मोकळी सोडावी. ती कोठें आहे व कशी उलगडावयाची, हें घरांतील प्रत्येक मुलास दाखवून ठेवावें. संकटाच्या वेळीं मुलांना आपण नुसतें "बाजूला हो" म्हणतों. त्यांच्या पाठीला पेलेल एवढें काम त्यांना दिलें, तर तीं घाबरत नाहींत आणि मोठ्यांचाहि भार हलका होतो.